सीएसआरमध्ये कामगारांना सामील करून घेताना: काय आधी, काय नंतर

5 जूनला, पर्यावरण दिनी, सकाळी कारखान्याच्या गेटवर बस उभी राहते. चाळीस जणांना टी-शर्ट आणि टोप्या वाटतात. टेकडीच्या पायथ्याशी कोरड्या मुरमात वीतभर खड्डे आयते तयार असतात. रोप ठेवायचं, माती लोटायची, बॅनर धरायचा, फोटो. साडेअकराला सगळे परत लाइनवर. मुंबईत मॉन्सून पोचायची सर्वसाधारण तारीखच 11 जून आहे. बसमधल्या कित्येकांची गावाकडे शेती आहे. या तारखेला, या जमिनीत, एवढ्याशा खड्ड्यात रोप जगत नाही हे त्यांना एचआरच्या आधी कळलेलं असतं. पण त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

रोप मरतं ते वेगळंच. कामगाराच्या मनात मात्र पक्कं बसतं की आपल्याला फोटोसाठी नेलं होतं. सीएसआरमुळे, म्हणजे कंपनीनं नफ्यातला वाटा खर्चून केलेल्या समाजकामामुळे, माणसं कंपनीशी जोडली जातात हे खरं आहे, पण त्यासाठी गोष्टींचा क्रम बरोबर लागतो: आधी विचारणं, मग वेळ देणं, मग खरं काम, आणि फोटो सगळ्यांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हाच क्रम उलटा असतो.

खालचे टप्पे एका मध्यम कारखान्यासाठी लिहिले आहेत. एमआयडीसीतली कंपनी, 300 कायम कामगार आणि कर्मचारी, 150 ठेकेदारी कामगार, तीन पाळ्या. सीएसआर बंधनकारक करणारं, कंपनी कायदा 2013 चं कलम 135 लागू आहे. मागच्या तीन वर्षांचा सरासरी नफा 12 कोटी, म्हणजे 2 टक्क्यांनी सीएसआरची रक्कम 24 लाख. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम बदलत नाही.

## टप्पा 0: सुरू करायचं की नाही, हे आधी ठरवा

कॅन्टीनच्या जेवणावरून कुरबूर चालू आहे, ओटीचे (ओव्हरटाइमचे) पैसे दोन महिने अडकलेत, किंवा पगारवाढीचा करार टेबलावर आहे. यातलं काहीही असेल तर स्वयंसेवेचा कार्यक्रम पुढे ढकला. "आमच्या ओटीला पैसे नाहीत आणि शाळेला बाकं वाटताय" हे वाक्य एकदा कॅन्टीनमध्ये फिरलं की वर्षभर पुसलं जात नाही. सीएसआरचा खर्च थांबवा असं मी म्हणत नाही, तो कायद्यानं करायचाच आहे. कामगारांना त्यात ओढणं तेवढं थांबवा.

युनियन असेल तर तिच्या पदाधिकाऱ्यांशी पहिली बैठक याच टप्प्यावर घ्या. पत्रक छापून झाल्यावर त्यांना बोलावलं तर ते येतात, चहा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी एकही नाव येत नाही.

तपासा: मागच्या सहा महिन्यांतल्या लेखी तक्रारी काढा. तीस दिवसांपेक्षा जुन्या किती पडून आहेत? त्या निकाली निघेपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा 1: पैशाच्या दोन वह्या करा

इथली चूक ऑडिटच्या वेळी अंगाशी येते, म्हणून सुरुवातीलाच दोन वेगळी खाती पाडा: एक सीएसआरचं, दुसरं एचआरचं.

सीएसआरच्या वहीत फक्त प्रकल्पाचा खर्च. त्यात प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंतच चालतो. आपल्या उदाहरणात 24 लाखांवर 1 लाख 20 हजार. सीएसआर सांभाळणाऱ्या माणसाचा पगार धरायचा असेल तर तोही याच मर्यादेत.

एचआरच्या वहीत कामगारांची बस, नाश्ता, टी-शर्ट, विमा आणि त्या दिवसाचा पगार. हे सगळं प्रकल्पाखाली बसवण्याचा मोह होतो. टाळा.

कामगारांनी दिलेल्या तासांची रक्कम काढून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2016 च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. त्याच उत्तरात कामगारांना सीएसआरमध्ये जरूर सामील करा असंही म्हटलं आहे. माणसं न्या, त्यांचे तास विकू नका, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी तीन गोष्टी इथेच मिटवून टाका:

- फक्त आपल्या कामगारांना किंवा त्यांच्या घरच्यांना फायदा देणारी योजना सीएसआरमध्ये बसत नाही. कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती द्यायची असेल तर ती एचआरच्या पैशातून. तालुक्यातल्या सगळ्या मुलांसाठी खुली योजना असेल आणि त्यात आपल्या कामगाराचं पोर निकषांवर निवडलं गेलं, तर अडचण नाही.
- मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा, टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं प्रायोजकत्व असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरत नाहीत.
- "एक दिवसाचा पगार" गोळा करून दिलेली रक्कम कंपनीच्या 2 टक्क्यांत मोजता येत नाही. ती कामगारांची देणगी आहे.

सावध: पगारातून देणगी कापायची तर प्रत्येकाची स्वतंत्र लेखी संमती हवी. "ज्यांना नको त्यांनी कळवावं" ही संमती नव्हे. सुपरवायझर समोर उभा असताना नकार कळवायला कोण जाणार? शिवाय नवी करप्रणाली घेतलेल्यांना 80जी ची (देणगीवरची) करवजावट मिळत नाही, हेही फॉर्मवर लिहा. नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

## टप्पा 2: जानेवारी-फेब्रुवारीत विचारा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, आणि हाच वगळला जातो. कारण साधं आहे. सीएसआरचा वार्षिक कृती आराखडा नव्या आर्थिक वर्षासाठी संचालक मंडळापुढे जातो. तो मंजूर झाल्यावर, ऑगस्टमध्ये वगैरे, एचआर सर्व्हे काढतं: "तुम्हाला कोणतं सामाजिक काम आवडेल?" कामगार उत्तर देतात, पण पैसे आधीच दुसरीकडे वाटून झालेले असतात. आराखडा मधल्या काळात कारण देऊन बदलता येतो, पण प्रत्यक्षात कोणी बदलत नाही. म्हणजे विचारून ऐकलं नाही असं होतं, आणि ते न विचारण्यापेक्षा वाईट.

म्हणून विचारणं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संपवा.

कसं विचारायचं: ईमेल आणि ऑनलाइन फॉर्म ऑफिसपुरते ठीक. शॉपफ्लोरवर तसं चालत नाही. पाळी सुरू होताना रोज जी पाच-दहा मिनिटांची मीटिंग होते, तिथे छापील चिठ्ठ्या वाटा आणि पेटी कॅन्टीनमध्ये ठेवा, सुपरवायझरच्या टेबलावर नको. चिठ्ठी मराठीत आणि हिंदीत. नाव ऐच्छिक. प्रश्न तीनच:

1. तुमच्या गावात किंवा वस्तीत अशी कोणती एक अडचण आहे जी लाखभर रुपये आणि वीस माणसांत सुटू शकते?
2. मशीनवरच्या कामाशिवाय तुमच्या हातात कोणतं कौशल्य आहे? (वायरिंग, गवंडीकाम, शिवण, भजन, कबड्डी, काहीही)
3. वर्षातून किती दिवस देऊ शकता, आणि कोणता वार चालणार नाही?

दुसरा प्रश्न उगाच वाटतो, पण खरी माहिती तिथेच निघते. प्रेसवर बसणारा माणूस गावात कुस्तीचा वस्ताद असतो, पॅकिंगमधली बाई बचत गटाची हिशेबनीस असते. हे एचआरच्या कुठल्याच फाइलीत नसतं.

पहिल्या प्रश्नात "लाखभर" आणि "वीस माणसं" हे शब्द काढू नका. ते नसतील तर "गावाला धरण हवं" अशी उत्तरं येतात आणि सगळ्यांनाच नाही म्हणावं लागतं.

विचारल्यावर: पेटी उघडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस बोर्डावर यादी लावा. कोणत्या सूचना आल्या, कोणत्या घेतल्या, कोणत्या नाही, आणि प्रत्येक नकाराचं एका ओळीत कारण: "मंदिराचा सभामंडप: धार्मिक बांधकाम सीएसआरमध्ये घेणार नाही." "गावातला रस्ता: ग्रामपंचायतीकडे निधी मंजूर आहे." नकार कारणासह लावला की माणसं पुढच्या वर्षी पुन्हा लिहितात. नुसतं गप्प बसलात तर लिहीत नाहीत.

तपासा: आराखड्याच्या अंतिम मसुद्यात किमान एक प्रकल्प चिठ्ठ्यांमधून आलेला आहे का? नसेल तर हा टप्पा झालाच नाही असं समजा.

## टप्पा 3: काम निवडा, माणसाच्या हाताला शोभेल असं

चाळीस जणांना रंगाचे डबे देणं सोपं असतं, म्हणून प्रत्येक कंपनी शाळा रंगवते. एमआयडीसीलगतच्या काही शाळांच्या भिंतींवर तीन-तीन कंपन्यांच्या रंगांचे थर आहेत आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. निवडीचा नियम एकच ठेवा: हे काम बाजारात मजूर लावून स्वस्तात होत असेल तर आपल्या माणसांना नेऊ नका. त्यांच्याशिवाय जे होणार नाही किंवा नीट होणार नाही, तेच निवडा.

कोणत्या विभागाला काय जमतं, याचा साधा अंदाज:

- मेंटेनन्स: शाळेचं वायरिंग, अर्थिंग, पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती
- टूल रूम आणि फॅब्रिकेशन: बाकांची, खिडक्यांच्या गजांची दुरुस्ती, स्वच्छतागृहांची दारं
- क्वालिटी: आयटीआयच्या मुलांना व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात देऊन मोजमाप शिकवणं
- अकाउंट्स आणि स्टोअर्स: बचत गटांच्या वह्या लावून देणं, वाचनालयाची नोंदवही
- सेफ्टी: अग्निशामक नळकांडं वापरण्याचं प्रात्यक्षिक

### जवळून पाहू: जिल्हा परिषद शाळेचं वायरिंग

हे काम कारखान्याला फार शोभतं आणि तितकंच हमखास चुकतं. क्रम असा ठेवा.

1. परवानगी. आधी मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र. सरपंचांशी तोंडी बोलणं झालं म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. समितीत पालक असतात, आणि नंतर काम सांभाळणार तेच.
2. पाहणी. मेंटेनन्सचे दोघे जण एक दिवस जाऊन लिहून आणतात: वर्गखोल्या, पंख्यांचे हूक, मुख्य स्विच, अर्थिंग आहे की नाही. जुन्या इमारतीत बहुधा अर्थिंगच सापडत नाही. ते आधी करा, पंखे नंतर.
3. कागद. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या नावावर, टेस्ट रिपोर्टसह. आपले इलेक्ट्रिशियन त्याच्या देखरेखीखाली काम करतात. ते कितीही हुशार असले तरी ही पायरी सोडायची नाही.
4. साहित्य. मुख्य बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच, आयएसआय शिक्क्याची तार हवी. मुलांच्या हाताच्या उंचीवर सॉकेट असेल तर शटरवालं. पैसे इथे वाचवू नका, बॅनरमध्ये वाचवा.
5. वेळ. वायरिंग मे महिन्याच्या सुट्टीत. मुलांना काही शिकवायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये जाऊ नका, परीक्षा तोंडावर असतात. नेमका तुमच्या वर्षअखेरीचा खर्चही तेव्हाच उरलेला असतो, तरी जाऊ नका.
6. हस्तांतर. कोणती स्विच कशाची, फ्यूज गेला तर कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या खोलीत चिकटवा.

सावध: बहुतेक जिल्हा परिषद शाळा शनिवारी सकाळच्या भरतात आणि अकरा-साडेअकराच्या सुमारास सुटतात. ऑफिसला शनिवार सोयीचा म्हणून बस साडेदहाला पोचते, आणि मुलांना टाळ्या वाजवण्यासाठी थांबवून ठेवतात. शिक्षकही वैतागतात. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शाळेचा तो पूर्ण दिवस असतो. पण सुट्टीच्या दिवशी माणसं नेण्याबद्दल टप्पा 4 वाचल्याशिवाय तारीख ठरवू नका.

### झाडं लावायचीच असतील तर

खड्डे एप्रिल-मे मध्ये, दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. ते महिनाभर उन्हात तापू द्या. वरची चांगली माती वेगळी काढून तिच्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत मिसळा. लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलैमध्यापर्यंत. कडुनिंब, करंज, बहावा, आवळा अशी इथली झाडं घ्या. रोप कमरेएवढं असेल तर जगायची शक्यता वाढते, वीतभर रोपं स्वस्त पडतात आणि गवतात हरवतात.

खरा खर्च रोपावर नसून कुंपण आणि पाण्यावर आहे. दोन उन्हाळे झाडामागे आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाण्याची सोय झाल्याशिवाय एकही खड्डा खणू नका. पाच जणांच्या गटाला वीस झाडं नावानं द्या. ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मे मध्ये मोजणी करा आणि जिवंत झाडांचा आकडा कॅन्टीनच्या फळ्यावर लिहा. दोन गटांत पैज लागते. या पैजेनं जेवढी माणसं जोडली जातात तेवढी कुठल्याही भाषणानं नाही.

### रक्तदान

कारखान्यात सगळ्यांत जास्त होणारा कार्यक्रम, म्हणून थोडक्यात. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5. दोन रक्तदानांत पुरुषांना 90 दिवस, स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर. रात्रपाळी करून पुरेशी झोप न घेता आलेल्याचं रक्त घेता येत नाही, आणि अंगमेहनतीचं किंवा लांब पल्ल्याच्या गाडीचं काम असेल तर पुढच्या पाळीआधी 24 तास हवेत. म्हणजे सकाळी सातला सुटणाऱ्या रात्रपाळीला गेटवर अडवून शिबिरात वळवणं, ही सर्रास होणारी गोष्ट, नियमातच बसत नाही. तारीख संस्थापक दिनाला न ठेवता रक्तपेढीला विचारून ठरवा. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, तेव्हा त्यांना जास्त गरज असते.

सावध: विभागवार "टार्गेट" देऊ नका. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत आलेल्या माणसाला सगळ्यांसमोर कारण सांगायला लागू नये.

## टप्पा 4: वेळ द्या, आणि मस्टरवर द्या

कामगार स्वेच्छेनं येतोय का हे ओळखायची एक सोपी खूण आहे: न येणाऱ्याचं काही बिघडत नाही आणि येणाऱ्याचं काही कापलं जात नाही. दोन्ही बाजू सांभाळा.

हिशेब. कायम माणसाला वर्षात दोन दिवस, म्हणजे 16 तास, पगारी. 300 पैकी 90 जण आले तर 1440 तास, म्हणजे 180 मनुष्यदिवस. हा आकडा घेऊन आधी प्लांट हेडकडे जा. त्यानं उत्पादनाच्या नियोजनात तो धरला नाही तर ऐनवेळी "आज डिस्पॅच आहे" म्हणून माणसं सुटत नाहीत. बारा जणांच्या लाइनमधून एका दिवशी दोघांपेक्षा जास्त काढू नका. उरलेल्यांना त्यांचं काम ओढावं लागलं तर राग समाजकार्यावर निघतो.

सुपरवायझर. खरी अडवणूक इथे होते, आणि दोष त्याचा नसतो. त्याला उत्पादनाचा आकडा विचारला जातो. माणूस सोडला त्या दिवशी त्याचं टार्गेट तेवढ्या तासांनी कमी केल्याचं लेखी द्या. हे केलं नाही तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

साप्ताहिक सुट्टी. सुट्टीच्या दिवशी बोलावणार असाल तर बदली सुट्टी द्या, आणि ती त्याच महिन्यात. "सेवा आहे, तिला सी-ऑफ कसला" असं म्हणणारे अधिकारी असतात. त्यांना घरी रविवार मिळतो.

रात्रपाळी. तिच्यासाठी स्वतंत्र तारीख ठेवा. नाहीतर एक तृतीयांश माणसं वर्षानुवर्षं बाहेर राहतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

ठेकेदारी कामगार. यांना नेणार असाल तर ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्या दिवसाची पूर्ण हजेरी लागेल हे त्याच्याकडून आधी लेखी घ्या, आणि बिलात ती रक्कम मंजूर करा. असं होतं की माणूस दिवसभर शाळेत बाकं उचलतो आणि महिन्याच्या शेवटी त्याचा एक खाडा लागतो. हे जमत नसेल तर त्यांना नेऊ नका. पण मग फोटोत "आमचं 450 जणांचं कुटुंब" असंही लिहू नका.

तपासा: कोणत्याही पाच कामगारांना वेगवेगळं विचारा, "नाही गेलं तर चालेल का?" एकानंही इकडेतिकडे पाहिलं तर सक्ती कुठेतरी शिरली आहे.

## टप्पा 5: संस्था पक्की करा

प्रकल्प संस्थेमार्फत करणार असाल तर तिचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा), 12ए आणि 80जी ची करसवलतीची कागदपत्रं घ्या. 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी आवश्यक आहे. हे कंपनी सेक्रेटरी बघतोच. तुम्ही बघायचं ते वेगळं.

संस्थेला विचारा: एका दिवशी तुम्हाला खरोखर किती माणसं लागतात? चांगली संस्था "आठ" म्हणते. "कितीही पाठवा" म्हणणारी संस्था तुमच्या चाळीस जणांसाठी काम शोधत बसणार, आणि ते काम आदल्या दिवशी उकरून ठेवलेलं असणार. करारात लिहून घ्या: जास्तीत जास्त संख्या, संस्थेचा हजर राहणारा माणूस, पावसामुळे रद्द झालं तर काय, आणि कामगारांच्या वेळेचा पाठपुरावा कोण करणार.

पहिल्या भेटीला एचआरबरोबर लाइनवरचे दोन कामगार न्या. ते जे प्रश्न विचारतात ते तुम्हाला सुचत नाहीत: पाणी कुठून, बायकांना स्वच्छतागृह कुठे, दुपारी सावली आहे का.

## टप्पा 6: प्रत्यक्ष दिवस

बस सुटण्याआधी, 15 मिनिटं. कुठे जातोय, काय करायचं, काय करायचं नाही, आणि तिथल्या लोकांची आपल्याकडून काय अपेक्षा आहे. साहेबाचं भाषण नको. ज्या कामगारानं ही जागा चिठ्ठीत सुचवली होती त्याला बोलू द्या.

कामाचे गट. पाच-सहा जणांचे, वेगवेगळ्या विभागांतले. व्यवस्थापक गटात सदस्य म्हणून, प्रमुख म्हणून नाही. वायरिंगच्या गटाचा प्रमुख इलेक्ट्रिशियन, मग त्याच्या हाताखाली फायनान्सचा जनरल मॅनेजर का असेना. जनरल मॅनेजरला चुकीचा पाना आणल्याबद्दल बोलणी बसली की ती गोष्ट महिनाभर कॅन्टीनमध्ये चघळली जाते. ती चघळली जावी हेच तर हवं आहे.

जेवण. सगळ्यांनी एकाच पंगतीत. साहेबांसाठी वेगळ्या पॅकेटची व्यवस्था करणारा माणूस कोण आहे ते आधीच शोधून त्याला थांबवा.

सुरक्षा. प्रथमोपचार पेटी, जवळच्या दवाखान्याचा नंबर, सेफ्टी शूज आणि हातमोजे कारखान्यातूनच. अपघात विमा त्या दिवसाला लागू आहे याची खात्री विमा कंपनीकडून लेखी घ्या. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2013 च्या कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि कंपनीनं दिलेलं वाहनही कामाच्या ठिकाणात मोडतं. तक्रार समितीच्या सदस्याचा नंबर बसमध्ये लावा.

फोटो. काम संपल्यावर, दहा मिनिटं. मुलांचा चेहरा ओळखू येईल असा फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नको. बालगृहात गेलात तर मोबाइल गेटवरच गोळा करा. तिथल्या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार गुन्हा आहे. वस्तू देताना हात पुढे केलेल्या माणसाचा फोटो तर कायद्यात बसला तरी काढू नका.

सावध: पाहुण्यांच्या स्वागताला नारळ, शाल, गुलाबपुष्प असलं तर शाळेचा अर्धा दिवस त्यातच जातो. मुख्याध्यापकांना आठवडाभर आधी फोन करून "आम्ही कामाला येतोय" असं स्पष्ट सांगा. ते ऐकत नाहीत, म्हणून दोनदा सांगा.

## टप्पा 7: पुढच्या तीन दिवसांत

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना पाच मिनिटं: काल काय झालं, हे गेलेल्यांपैकी एकानं न गेलेल्यांना सांगायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत एक छोटी चिठ्ठी: काय फुकट गेलं, काय कमी पडलं, पुन्हा याल का. आणि तीन महिन्यांनी त्याच जागी दोघांना परत पाठवा, पंखे चालू आहेत का बघायला. ही दुसरी भेट बहुतेक कंपन्या करतच नाहीत. पहिल्या भेटीपेक्षा तिचाच परिणाम जास्त, कारण आपलं काम टिकलंय हे माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि परत येऊन सांगतो.

प्रशस्तिपत्रक द्यायचं तर सगळ्यांना सारखं. "सर्वोत्कृष्ट स्वयंसेवक" निवडलात की पुढच्या वेळी स्पर्धा लागते आणि शांतपणे काम करणारे मागे सरतात. वार्षिक मूल्यमापनात स्वयंसेवेचे गुण अजिबात धरू नका, नाहीतर ज्याच्या घरी आजारी आई आहे त्याचे गुण कापले जातात.

## टप्पा 8: फरक पडला का, हे प्रामाणिकपणे मोजा

इथे एक सापळा आहे. गेलेल्यांना आणि न गेलेल्यांना प्रश्न विचारले तर गेलेले नेहमी जास्त समाधानी निघतात, आणि अहवालात "सीएसआरमुळे एंगेजमेंट वाढली" असं छापून येतं. पण जे मुळातच कंपनीवर खूश आहेत तेच आधी नाव देतात. फरक कार्यक्रमाचा नसून माणसांचा असू शकतो.

यावर सोपा उपाय आहे. जागा आठ आणि नावं वीस आली की चिठ्ठ्या टाकून आठ निवडा. उरलेल्या बारा जणांचीही यायची इच्छा होतीच, फक्त नंबर लागला नाही. तुलना या दोन गटांत करा, आणि राहिलेल्यांना पुढच्या फेरीत आधी घ्या. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढल्या की साहेबाच्या मर्जीतले गेले हा आरोपही होत नाही. एका फेरीच्या वीस जणांवरून काही ठरवू नका, वर्षभराच्या सगळ्या फेऱ्या एकत्र करून पाहा.

कार्यक्रमाआधी आणि सहा महिन्यांनी हीच चार वाक्यं, 1 ते 5 गुणांत:

1. माझ्या विभागाबाहेरच्या किमान पाच जणांना मी नावानं ओळखतो.
2. कामात सुधारणा सुचवली तर वरचे ऐकतात.
3. शेजारच्या मुलाला मी या कंपनीत नोकरी सुचवेन.
4. कंपनी बाहेर जे सांगते तसंच आत वागते.

पहिल्या वाक्यात फरक सगळ्यांत लवकर दिसतो, चौथ्यात सगळ्यांत उशिरा. चौथ्याचे गुण कार्यक्रमानंतर घसरले तर टप्पा 0 कडे परत जा, काहीतरी घरातलंच राहून गेलंय. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे वेगळे दाखवू नका, कोणी काय लिहिलं ते ओळखू येतं. गैरहजेरी आणि राजीनाम्यांचे आकडेही ठेवा, पण एका वर्षाच्या चढउतारावरून निष्कर्ष काढू नका. दिवाळी, लग्नसराई आणि शेजारच्या कंपनीनं दिलेली पगारवाढ या तीन गोष्टी त्या आकड्यांना सीएसआरपेक्षा जास्त हलवतात.

आणखी एक आकडा फुकट मिळतो: दुसऱ्यांदा नाव देणाऱ्यांचं प्रमाण. पहिल्यांदा माणूस कुतूहलानं येतो, सुपरवायझरनं सांगितलं म्हणून येतो, किंवा एक दिवस लाइनपासून सुटका म्हणून येतो. दुसऱ्यांदा येतो तो स्वतःच्या मनानं.

हे सगळे आकडे, चांगले-वाईट दोन्ही, डिसेंबरअखेर कॅन्टीनच्या फळ्यावर लावा: किती झाडं जिवंत, किती पंखे चालू, किती जण परत आले. मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पेट्या पुन्हा बाहेर काढा. चिठ्ठीवर तेच तीन प्रश्न, आणि चौथा नवा: मागच्या वर्षीच्या कामात काय चुकलं?